मोलाचा साबण

वटार, ४ ऑक्टोबर

आदरणीय तळगावकर सरांना नमस्कार,

मी प्रमोदिनी चुरी. लग्नाआधीची प्रमोदिनी ठाकूर, अकरावी-बारावी सायन्स, खिडकीजवळचा दुसरा बाक. तुम्ही मला ओळखणार नाही, आणि ओळखलंत तर ते चांगल्या कारणासाठी नसेल. बारावीला मी केमिस्ट्रीत नापास झाले. तुमचा त्यात काही दोष नाही. तुम्ही फळ्यावर मोल शिकवत होता आणि मी खिडकीतून पलीकडच्या मैदानातली क्रिकेटची मॅच बघत होते. पुढे लग्न झालं, वटारला आले, केळी, पानवेल, नारळ यांच्यात दिवस गेले आणि मोलवाचून कधी काही अडलं नाही. आता पस्तीस वर्षांनी अडलंय.

झालंय असं, की आमच्या वाडीतल्या नारळांचं तेल यंदा खूप उरलं. त्याचा साबण करायचं मी ठरवलं. शेजारच्या उर्सुलाच्या मुलीचं, प्रिन्सीचं लग्न २९ डिसेंबरला आहे. ही उर्सुला म्हणजे तीच, जी तुळिंजला तुमच्या बिल्डिंगखाली भाजी घेऊन बसते. तिच्याचकडून तुमचा पत्ता लागला. तर लग्नातल्या पाहुण्यांना भेट द्यायला दोनशे साबण मी कबूल करून बसलेय. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात, सगळ्या बायकांसमोर, मोठ्या आवाजात.

पहिला घाणा मोबाईलवर बघून केला. त्यातली बाई नुसतं ‘थोडासा कॉस्टिक सोडा’ म्हणते. माझा थोडासा जरा जास्त झाला असावा. दिसायला साबण सुंदर झाला. आमच्या ह्यांना आंघोळीला दिला. परवापासून विद्याधर पाठ कुठेही न टेकता बसतायत आणि जेवताना माझ्याकडे बघत नाहीत.

सर, मला एकच आकडा हवाय. एक किलो खोबरेल तेलाला कॉस्टिक सोडा किती ग्रॅम? एका ओळीत लिहून उर्सुलाकडे दिलंत तरी चालेल. फक्त तिला यातलं काही कळू देऊ नका. पत्रं कसली म्हणून तिने विचारलं, तेव्हा मी पुन्हा बारावीला बसतेय असं सांगितलंय. लिफाफ्याला म्हणूनच एवढी चिकटपट्टी लावलीय.

तुमची (नापास) विद्यार्थिनी
प्रमोदिनी

तुळिंज, ८ ऑक्टोबर

चि. सौ. प्रमोदिनी हिस आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. त्यातील शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दाखवून ते सोबत परत पाठवत आहे.

तू मला चांगली आठवतेस. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत तू काचेची ब्युरेट फोडली होतीस आणि ‘सर, ती आधीच फुटलेली होती’ असे म्हणाली होतीस.

आकडा मी देणार नाही. आकडा मागायचा नसतो, काढायचा असतो. फोनही करू नकोस. माझ्याकडे फोन आहे, परंतु सूत्रातील खालचे बारीक अंक फोनवर दिसत नाहीत आणि मग लोक दोनाचे वीस करतात.

आता नीट वाच. तुमच्या वाडीत वेलची केळी होतात आणि राजेळीही होतात. डझनभर वेलची आणि डझनभर राजेळी यांचे वजन सारखे भरते काय? नाही. पण नग दोन्हीकडे बाराच. समजा, प्रत्येक पाहुण्याच्या पानात एक वेलची आणि एक राजेळी वाढायची आहे. मग तू वजन बघशील की नग? नग. रसायनेही एकमेकांशी नगानेच वागतात, वजनाने नव्हे. अडचण एवढीच की त्यांचे नग इतके सूक्ष्म असतात की मोजता येत नाहीत. आपल्या हाती केवळ तराजू. म्हणून शास्त्रज्ञांनी डझनासारखाच एक मोठा गठ्ठा ठरवला. सहाशे दोन लिहून पुढे एकवीस शून्ये दे. एवढ्या नगांचा गठ्ठा म्हणजे एक मोल. एक मोल कोणत्याही पदार्थाचा घे, नग तितकेच. वजन मात्र ज्याचे त्याचे वेगळे.

गृहपाठ: कॉस्टिक सोड्याच्या एका नगात सोडिअमचा एक अणू, ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचा एक. त्यांची वजने अनुक्रमे २३, १६ आणि १. तर कॉस्टिक सोड्याच्या एका मोलचे वजन किती ग्रॅम? उत्तर कारणासह लिहावे.

ज. वि. तळगावकर

(सोबत भाजीच्या पिशवीत घडी घातलेली चिठ्ठी)

प्रमोदिनीताई, मी यमुना, सरांची बायको. ही चिठ्ठी यांच्या नकळत पालकाच्या पिशवीत टाकतेय. रिटायर झाल्यापासून यांना कोणी काही विचारलेलं नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे लोकांचं शुद्धलेखन सुधारायचे, तर तिथूनही काढलं. तुमचं पत्र आलं आणि हे माळ्यावरचा फळा काढून पुसत बसले. तोंडाने शीळ चाललीय. तेव्हा एक विनंती करते. उत्तर लगेच काढू नका. जरा चुका.

वटार, १२ ऑक्टोबर

आदरणीय सर,

उत्तर: ४० ग्रॅम. कारण: बेरीज.

आमच्याकडे मोल म्हणजे किंमत. विद्याधरांनी तुमचं पत्र वाचलं आणि म्हणाले, “सर मोल मोल करतायत म्हणजे फी मागत असतील. दोन फण्या केळी पाठव.” म्हणून सोबत केळी आहेत. एक वेलचीची फणी, एक राजेळीची. वजन वेगळं आहे, नगांचं तुम्ही बघा.

आता एक सांगते, रागावू नका. ४० उत्तर आलं, तेव्हा म्हटलं सरांना पुन्हा कशाला त्रास द्यायचा. मी एक किलो तेलात ४० ग्रॅम कॉस्टिक घालून मोकळी झाले. तीन दिवस झाले. साबण झालेला नाही. खाली तेल आहे आणि वर काहीतरी पांढरं तरंगतंय. विद्याधर म्हणतात, पंपाच्या बेअरिंगला याच्याइतकं चांगलं ग्रीस त्यांनी पाहिलेलं नाही. माझं कुठे चुकलं?

आणखी एक भानगड. उर्सुलाने माझ्या बारावीसाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावली. आता अख्खं वटार मला विचारतंय, पेपर कधी आहे म्हणून.

प्रमोदिनी

(यमुनाकाकूंना) काकू, तुम्ही चुका म्हणालात, मी न सांगता चुकले. पण माझ्याकडे वेळ नाही हो. साबण सुकून कडक व्हायला सहा आठवडे लागतात. सरांना तुम्हीच दुसरं काहीतरी विचारा ना.

तुळिंज, १७ ऑक्टोबर

चि. सौ. प्रमोदिनी हिस,

केळी पोचली. नग मोजले. मी फी घेत नाही, तथापि राजेळी उत्तम होती.

तुझे पत्र वाचून मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. चाळीस ग्रॅम हे कॉस्टिकच्या एका गठ्ठ्याचे वजन! तेलाचा गठ्ठा केवढा, हे विचारलेस काय? पंगतीला माणसे किती हे न विचारता तू पाने मांडलीस. चाळीस हे उत्तर बरोबर होते, मात्र ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर होते. बारावीलाही तू हेच करत होतीस.

आता तेलाकडे वळू. खोबरेल तेलात एकाच जातीचे रेणू नसतात, अनेक जातींचे असतात. पण सरासरीने तेलाच्या एका मोलचे वजन ६५५ ग्रॅम धरावे. आता मुख्य गोष्ट. नारळाला डोळे किती? तीन. तेलाच्या रेणूलाही तशीच तीन टोके असतात आणि प्रत्येक टोकाला कॉस्टिकचा एकेक नग लागतो. तेल एक, कॉस्टिक तीन. एकास तीन. हे प्रमाण पाळले तरच साबण. (डोळ्यांची उपमा सौ. यमुनाची आहे. ती हल्ली अचानक मला रसायनशास्त्रातले प्रश्न विचारू लागली आहे. उपमा शास्त्रीय नाही, पण चालेल.)

आता त्रैराशिक मांड आणि एक किलो तेलाचे उत्तर काढ. जे येईल त्यातून शंभराला पाच या दराने वजा कर. म्हणजे थोडे तेल शिल्लक राहील आणि तुझ्या यजमानांची पाठ शाबूत राहील.

सूचना: कॉस्टिक पाण्यात टाकावे, कॉस्टिकवर पाणी ओतू नये. हातमोजे घालावेत. ॲल्युमिनियमचे पातेले वापरू नये, कॉस्टिक ते खाऊन टाकते. उत्तर मला दाखवल्याशिवाय काहीही ढवळू नये.

ज. वि. तळगावकर

वटार, २९ ऑक्टोबर

आदरणीय सर,

६५५ ग्रॅम तेलाला तीन मोल कॉस्टिक, म्हणजे तीन चाळीस एकशे वीस ग्रॅम. तर हजार ग्रॅम तेलाला १८३. त्यातून शंभराला पाच गेले, राहिले १७४!

सर, हे मी एकटीने काढलं. चटणी वाटत होते, मिक्सर मध्येच बंद केला आणि दिनदर्शिकेच्या मागे मांडलं. विद्याधरांनी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं, तर त्यांचंही तेच आलं. मग चटणी त्यांनी स्वतः वाटून आणली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

तुम्हाला दाखवल्याशिवाय ढवळू नये असं लिहिलं होतंत. पण सहा आठवड्यांचा हिशोब केला आणि माझा धीर सुटला. काल सगळा साबण एकदम करून टाकला. दहा किलो तेल, म्हणजे घरात होतं नव्हतं तेवढं, आणि १७४० ग्रॅम कॉस्टिक. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात, हातमोजे घालून. दुकानात नेहमीचा माल संपला होता, तर दुकानदाराने भारीतला दिला. म्हणजे आपला साबण उलट चांगलाच होणार.

आता दिवाळीनंतर पत्र लिहीन. तोवर तो पंपाच्या खोलीत पेटीत सुकतोय. काकूंना नमस्कार.

प्रमोदिनी (पास?)

वटार, ८ नोव्हेंबर

सर,

साबण घट्ट होत नाही. दहा-अकरा दिवस झाले. सुरी घातली की आत जाते आणि बाहेर येताना सोबत सगळं घेऊन येते. पिवळट मलमासारखं झालंय, हाताला तेलकट लागतं. पंखा लावून पाहिला, उन्हात ठेवून पाहिला. उन्हात तर मांजराने त्यात पाय घातला आणि आता ते फरशीवर उभं राहू शकत नाही.

उर्सुला रोज विचारते, “साबण दाखव गो.” मी सांगते, साबण विश्रांती घेतोय. आज म्हणाली, “माझी आजीपण मरायच्या आधी अशीच विश्रांती घेत होती.” प्रिन्सीने पत्रिकेत छापलंसुद्धा, की भेटवस्तू वटारच्या वाडीतली घरची असेल. माझं नाव आहे सर त्यात. लग्नपत्रिका सोडून माझं नाव आजवर फक्त वीजबिलावर छापून आलंय, तेही गेल्या वर्षीपासून.

मी हिशोब तीनदा तपासला. तुम्ही सांगितलंत तेच केलं. म्हणजे सर, ते एकास तीनच चुकलं असणार. आता दुसरं तेल नाही. काय करू तेवढं सांगा.

प्रमोदिनी

तुळिंज, ११ नोव्हेंबर

प्रमोदिनीताई,

हे पत्र माझं आहे. यांनी तुम्हाला काही लिहायला घेतलं, फाडलं, पुन्हा घेतलं. तुमचं पत्र आल्यापासून घरात फळ्याचा खडखडाट चाललाय. पहिल्या दिवशी म्हणाले, “हिशोब बरोबर आहे, तिचा साबण चुकीचा आहे.” दुसऱ्या दिवशी शीळ बंद झाली. काल मी पोळ्या लाटत होते तर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, “यमुना, मी इतक्या बॅचना एकास तीन शिकवलं. स्वतः साबण कधी करून पाहिला नाही. पुस्तकात होतं ते सांगत गेलो. समजा पुस्तकच...” सकाळी फिरायलाही गेले नाहीत.

मला तुमच्या मोलमधलं काही कळत नाही. पण हा माणूस चुकला असला तर तसं सांगा, आणि नसला तर ते लवकर सांगा. मी तुम्हाला सावकाश घ्या म्हणाले होते ना, ते मागे घेते.

यमुना

तुळिंज, ११ नोव्हेंबर

चि. सौ. प्रमोदिनी हिस,

कॉस्टिकच्या रिकाम्या पिशवीवर जे छापलेले असेल ते अक्षरन् अक्षर उतरवून पाठव. स्वतःच्या मनाचे काही घालू नकोस.

ज. वि. तळगावकर

वटार, १२ नोव्हेंबर

सर,

पिशवीवर लिहिलंय: कॉस्टिक पोटॅश फ्लेक्स. लहान मुलांपासून दूर ठेवा. खाली कवटीचं चित्र आहे. ते काढता आलं नाही.

दिसायला अगदी तसंच, पांढरे तुकडे. कॉस्टिकच आहे ना?

प्रमोदिनी

वटार, १८ नोव्हेंबर

यमुनाकाकूंना नमस्कार,

तुमचा गुडघा दुखतोय म्हणून तुम्ही आला नाहीत, आणि सर तुम्हाला नीट सांगणार नाहीत, म्हणून सगळं लिहिते.

बारा तारखेला मी सकाळी चिठ्ठी दिली आणि दुपारी उर्सुला परत आली तीच रिक्षातून. तिच्या शेजारी सर बसलेले, मांडीवर भाजीची रिकामी टोपली, हातात खडूचा डबा. मी पदर सावरून वाकणार, तर म्हणाले, “पाया नंतर पड. पिशवी कुठे आहे?”

पंपाच्या खोलीत नेलं. पिशवी वाचली, साबणात बोट घातलं, नाकाशी नेलं. मग भिंतीकडे वळले आणि खडू काढला. आमच्या पंपाच्या खोलीला आतून गिलावा केलाय विद्याधरांनी गेल्याच वर्षी.

“हा सोडा नव्हे. हे पोटॅश. यात सोडिअमच्या जागी पोटॅशिअम. त्याचा अणू एकोणचाळीस. सोळा आणि एक मिळवून किती?”

“छप्पन्न,” मी म्हटलं.

“म्हणजे एका मोलचे वजन छप्पन्न. तू घातलेस सतराशे चाळीस. मोल किती झाले?”

विद्याधर कॅल्क्युलेटर काढेपर्यंत मी म्हटलं, “एकतीस.”

“आणि सोडा असता तर?”

“चाळीसने भाग... साडेत्रेचाळीस.”

“मग कमी किती पडले?”

“साडेबारा मोल!” काकू, मी ओरडलेच. “सर, वजन तेवढंच घातलं पण नग कमी गेले! वेलचीच्या वजनाने राजेळी घेतली मी, डझन भरलाच नाही!”

केळ्यांचं एक रिकामं क्रेट उलटं होतं, सर त्यावर बसले. भिंतीकडे बघत म्हणाले, “म्हणजे प्रमाण बरोबर होतं.” मला म्हणाले नाहीत, स्वतःलाच. चष्मा काढून पुसला. मी आणि विद्याधर बाहेर जाऊन उगाच मोटर बघून आलो.

मग पुढचं. साडेबारा मोल म्हणजे चाळीसने गुणून पाचशे ग्रॅम सोडा. विद्याधरांनी स्कूटर काढली आणि जाऊन आणला. यावेळी पिशवी दुकानातच मोठ्याने वाचून. सर म्हणाले, आता सगळं गरम करायचं, सोडा पाण्यात विरघळवून हळूहळू घालायचा आणि ढवळत राहायचं. बाहेर वाडीत तीन दगडांची चूल मांडली. पहिल्यांदा विद्याधरांनी ढवळलं, मग मी, मग सर म्हणाले, “द्या इकडे.” शर्टाच्या बाह्या वर करून, विद्याधरांचा फवारणीचा गॉगल लावून सर ढवळत होते. म्हणाले, “एवढी वर्षं फळ्यावर साबण केला. हा इतका जड असतो हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.”

आणि घरी गेलेली उर्सुला नेमकी तेव्हाच परत आली. चूल, पातेलं, गॉगल घातलेले सर.

“ही बारावीची प्रॅक्टिकल काय?”

मी तोंड उघडणार, तर सर म्हणाले, “नाही बाई. हा तुमच्या मुलीच्या लग्नाचा साबण आहे. बिघडला होता. दुरुस्त करतो आहे.”

काकू, सरांना खोटं बोलता येत नाही हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतंत.

उर्सुला माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता संपलं, पत्रिका, साबण, शेजार, सगळंच. मग म्हणाली, “मग मी मेणबत्त्या कशाला लावल्या?”

“त्या लागू पडतायत ना आता,” विद्याधर म्हणाले.

ती हसली नाही. थंड व्हायला बशीत काढलेला थोडा घेतला, नळावर हात धुतले. फेस आला. दोन्ही कोपरांपर्यंत आला. तेलकटपणा अजिबात नाही. हात पदराला पुसले, वास घेतला. “चांगलाय. पण वडी कुठे पडते याची? दोनशे जणांना काय वाटीत देणार?”

सर म्हणाले, खरं आहे, पोटॅशचा साबण मऊच राहतो, त्याला इलाज नाही. तो दगडासारखा होणार नाही. आणि काकू, ज्या माणसाने बत्तीस वर्षांत माझ्या कुठल्याच कामात वेळेवर सूचना केली नव्हती (ती नेहमी काम झाल्यावर करतात), ते विद्याधर म्हणाले, “करवंट्या आहेत की. शेडमागे ढीग पडलाय.”

तेव्हापासून आमच्या घरात दुसरं काम नाही. विद्याधर पॉलिश पेपरने करवंट्या घासतायत, उर्सुला आणि प्रिन्सी केळीच्या खोडाच्या सुकलेल्या सोपाने झाकणं बांधायला शिकल्यात. पहिली करवंटी विद्याधरांनी स्वतः आंघोळीला नेली. पाठ ठीक आहे.

भिंत पुसू नका असं सर सांगून गेलेत. विद्याधरही म्हणाले, राहू दे.

तुमची
प्रमोदिनी

तुळिंज, २ जानेवारी

चि. सौ. प्रमोदिनी हिस अनेक आशीर्वाद.

चि. प्रिन्सी आणि चि. डेरिक यांचा विवाहसमारंभ यथासांग पार पडला, याचा आनंद आहे. सौ. यमुनाचा गुडघाही त्या दिवशी दुखला नाही. जेवणाबद्दल लिहिण्याची माझी पद्धत नाही, परंतु वडे उत्तम होते.

साबण सर्वांना आवडला. तुमचे परिचित आत्माराम यांनी करवंटीतील पदार्थ चमच्याने तोंडात घातला आणि साखर कमी असल्याचे सांगितले. तो दोष त्यांचा नाही, लेबल न लावल्याचा आहे. पुढील वेळी लावावे.

तुला हे पत्र लिहिण्याचे खरे कारण वेगळे आहे. उर्सुलाबाईंनी मला अचानक व्यासपीठावर बोलावून टोस्टला दोन शब्द बोलायला सांगितले, हे तू पाहिलेच. माझी तयारी नव्हती. हातात पेला होता, समोर दोनशे माणसे, बाजूला ब्रास बँड. तेव्हा मी मला जे येते तेच बोललो. वधूवरांना म्हणालो, “तुमच्यासमोर ही जी भेट आहे तिच्यामागे एक नियम आहे. एकास तीन. हे प्रमाण तुम्ही दोघांनी ध्यानात ठेवा. तीनपेक्षा कमी झाले तर सगळे कच्चे राहते. तीनपेक्षा जास्त झाले तर दाह होतो. घाई करू नका, एकेक करून मिसळत जा, आणि ढवळणे थांबवू नका.”

प्रमोदिनी, मी आयुष्यभर वर्गात हा भाग शिकवला. मुले झोपत असत. येथे मात्र मला बोलणे थांबवावे लागले, इतक्या टाळ्या झाल्या. बँडवाल्यांनी आपण होऊन ढोल वाजवला. वर मान खाली घालून बसला होता, बहुधा विचार करत असावा. मागून एका गृहस्थांनी उठून “सर, चौथ्याचं काय?” असा प्रश्नही विचारला. प्रश्न मार्मिक होता. मी सांगितले की चौथ्याला जोडायला टोकच उरत नाही, तो नुसता मोकळा हिंडतो आणि इतरांना त्रास देतो. त्यावर तर लोक खुर्च्यांवरून उठले.

वसईच्या लोकांना रसायनशास्त्रात एवढी रुची असेल, असे मला वाटले नव्हते. आमच्या शिकवण्यातच काही कमी होते, असे आता वाटते. तू आणि श्री. विद्याधर पुढच्याच टेबलावर होतात, तेव्हा श्रोत्यांना नक्की कोणता भाग अधिक समजला हे मला सविस्तर कळवावे.

तुझ्या गेल्या पत्रात शुद्धलेखनाच्या चुका आहेत. या वेळी दाखवत नाही.

ज. वि. तळगावकर

तुळिंज, ३ जानेवारी

प्रमोदिनीताई,

यांचं पत्र कालच उर्सुलाकडे गेलं, तेव्हा हे त्याच्या पाठोपाठ पाठवतेय. आधी हे वाचा आणि मग त्यांना उत्तर लिहा.

तुम्ही पुढच्या टेबलावर होतात. तोंडात रुमाल कोंबून बसला होता, मी पाहिलं. तुमचे विद्याधर टेबलाखाली काहीतरी पडलं म्हणून वाकले ते पुन्हा वर आलेच नाहीत. प्रिन्सी लाल झाली होती. उर्सुला तर डोळे पुसत होती. ‘सरांनी आमच्या पोरीला तीन लेकरांचा आशीर्वाद दिला, तोही हिशोबानिशी,’ असं ती काल बाजारात सगळ्यांना सांगत होती. कांदेवाल्यानेही यांना वाकून नमस्कार केला.

यांना यातलं काहीही कळलेलं नाही. आणि कळू द्यायचं नाहीये. तुम्ही, विद्याधर, उर्सुला, तिघांनीही यांच्यापुढे तोंड उघडायचं नाही. चौथ्याचं विचारणारा तो कोण होता, त्यालाही सांगून ठेवा.

मी का सांगते ते ऐका. मी पण हसले होते, अगदी पोट धरून, आणि ते यांनी व्यासपीठावरून पाहिलं. परत येताना रिक्षात त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “यमुना, तू पण टाळ्या वाजवत होतीस. तुला समजलं ना, मी काय म्हणालो ते?”

मी म्हटलं, “अगदी पूर्ण समजलं.”

तर म्हणाले, “शाबास.”

पंचेचाळीस वर्षं झाली आमच्या लग्नाला, प्रमोदिनीताई. हे शाबास ते घरी शिकायला येणाऱ्या पोरांना द्यायचे, मी डबा भरताना ऐकायचे फक्त. मला पहिल्यांदाच मिळालं. मला ते परत द्यायचं नाहीये.

यमुना